कोकणातून अधिकारी व्हायला निघताना

मालवण, देवगड, वेंगुर्ल्याकडची मुलं माझ्याकडे येतात ती बहुतेक एकच प्रश्न घेऊन: "काका, एनडीएसाठी कुठला क्लास लावू?" एनडीए म्हणजे पुण्याजवळ खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. मी नौदलातून निवृत्त होऊन गावी आलोय. नोकरीत असताना केरळात एळिमल्याच्या नौदल अकादमीत डिव्हिजनल ऑफिसर म्हणून काही काळ कॅडेट सांभाळलेत. त्यामुळे मला क्लासपेक्षा पुढच्या गोष्टीत जास्त रस आहे. क्लास लेखी परीक्षा काढून देतो. त्यानंतर जे सुरू होतं त्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं, आणि जे बोललं जातं ते बरंचसं पिक्चर बघून.

परीक्षेचं आधी उरकतो. एनडीए आणि नौदल अकादमीची लेखी परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस, अविवाहित, बारावीला बसलेलं असलं तरी चालतं. गणित ३०० गुण, सामान्य क्षमता ६००, आणि एसएसबीचे, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाच्या चाचण्या-मुलाखतीचे, ९००. भूदलासाठी बारावीची कुठलीही शाखा चालते. नौदल आणि हवाई दलाला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. हे वाक्य दहावीतल्या मुलांनी दोनदा वाचावं. डॉक्टर व्हायचं म्हणून अकरावीला गणित सोडायचं, आणि बारावीनंतर नौदल आठवायचं, असं आपल्याकडे दरवर्षी होतं. समुद्राकाठचा मुलगा नौदलालाच मुकतो. नौदलाला जेईई मेनच्या रँकवरून थेट बी.टेक.साठीही प्रवेश आहे, त्यात लेखी परीक्षा वेगळी नसते, पण एसएसबी चुकत नाही.

मुलींनी "आमच्यासाठी आहे का?" हे विचारणं आता सोडावं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर एनडीएचं दार उघडलं, २०२२ मध्ये पहिली तुकडी आत गेली आणि मे २०२५ मध्ये तिचं दीक्षांत संचलनही झालं. राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून आहे, मुलींसाठी आता नाशिकला. दोन्हीकडे दहावीनंतर निवड होते. कोकणातून अर्ज फार कमी जातात, कारण माहिती पोचते तोवर मूल अकरावीत बसलेलं असतं.

एसएसबी पाच दिवसांची. पहिल्या दिवशी चाळणी, त्यातच बरेच घरी जातात. मग मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानावरची गटकामं, मुलाखत आणि शेवटी सगळ्या परीक्षकांसमोर कॉन्फरन्स. शब्द दाखवतात, पंधरा सेकंदांत वाक्य लिहायचं, असे साठ शब्द. घोकलेली वाक्यं त्या वेगात टिकत नाहीत, आणि टिकली तरी ओळखू येतात. एका मुलाखतीच्या तयारीला देवगडचा एक मुलगा माझ्यासमोर बसला. हिंदी महासागरातल्या चीनच्या हालचालींवर त्याने पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवलं. मी विचारलं, तुमच्याकडे एलईडीच्या मासेमारीवरून एवढी भांडणं का होतात? गडी खुलला. दिव्याने मासळी कशी ओढली जाते, बंदी असून बोटी का जातात, पारंपरिक मच्छीमाराच्या जाळ्यात मग काय उरतं, गस्त कुठे कमी पडते, सगळं स्वतःच्या शब्दांत. हे तू आधी का नाही बोललास, तर म्हणाला, "ह्या काय विचारतले?" विचारतले, बाबा. हेच विचारतले. तुझा जिल्हा तुला कितपत दिसतो, यावरून उद्या तुला तुझी तुकडी कितपत दिसेल याचा अंदाज बांधतात.

गटकामांबद्दलही तेच. फळ्या, दोऱ्या, पिंपं घेऊन एक काल्पनिक नाला ओलांडायचा असतो. ज्याने रापण, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं, ओढलीय त्याला गटात काम करणं म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. दोर कुणी आधी धरायचा, कधी थांबायचं, कुणाचा दम गेलाय, हे त्याला कळतं. अडचण दुसरीच असते. आपली मुलं मागे उभी राहतात. "आपण कित्याक पुढे पुढे करूचा?" हा आपला घरचा संस्कार. शिष्टपणा नको, हे ठीकच. पण मैदानावर कल्पना डोक्यात असून तोंडातून निघाली नाही तर परीक्षकाच्या दृष्टीने ती नव्हतीच. इंग्रजी मोडकं असलं तर चालतं, अडलं तिथे हिंदी आली तरी आकाश कोसळत नाही. गप्प राहणं मात्र महागात पडतं. आरशासमोर बोलण्यापेक्षा वाडीतल्या क्रिकेट स्पर्धेचं आयोजन अंगावर घ्या, भांडणं सोडवा, हिशेब द्या. त्यात बोलावंच लागतं.

आता आतलं. खडकवासल्याला तिन्ही दलांचे कॅडेट तीन वर्षं एकत्र राहतात, सहा टर्म. पदवी जेएनयूची. मग पुढच्या प्रशिक्षणाला आपापल्या दलाच्या अकादमीत: भूदलाचे डेहराडूनला, हवाई दलाचे बहुतेक हैदराबादजवळ दुंडिगलला, नौदलाचे एळिमल्याला. ही नौदल अकादमी आधी आपल्या शेजारी गोव्यात, आयएनएस मांडवीवर होती. २००९ पासून एळिमल्याला आहे. कोकण रेल्वेनेच खाली जाऊन पय्यनूरला उतरायचं.

पहिल्या टर्मला वेळ नावाची गोष्ट नसते. ड्रिल, पीटी, वर्ग, खेळ, पोहणं, आणि यांच्यामधल्या फटींत बूट पॉलिश, बेल्ट, सायकल, कपाट. रगडा, म्हणजे शिक्षेची अंगमेहनत, असतो. पुट्टी परेड म्हणजे काही मिनिटांत गणवेश बदलून हजर व्हायचं, पुन्हा दुसरा चढवून हजर व्हायचं. बाहेरून बघणाऱ्याला हा नुसता छळ वाटतो, आणि कधी कधी एखादा सीनियर त्याचा छळ करतोही, ते मी नाकारत नाही. पण कामं वेळेत न मावणारी दिलेली असतात ती मुद्दाम. दमलेल्या, अर्धवट झोपलेल्या माणसाने काय आधी करायचं आणि काय सोडायचं, हे त्यातून घोटवलं जातं. एकटा हुशार मुलगा इथे लवकर गळपटतो. जो कोर्समेटचे बूट चमकवतो आणि त्याच्याकडून आपली गणितं समजून घेतो, तो तरतो.

पण माझं खरं लक्ष पहिल्या टर्मवर नसायचं. पहिल्या टर्मला सगळेच आज्ञाधारक असतात, करतील काय? अधिकारी घडतो की नाही ते कळतं शेवटच्या टर्मना, जेव्हा त्याच मुलाच्या हातात ज्युनियर दिले जातात. स्क्वाड्रन, म्हणजे एकत्र राहणारी कॅडेटांची तुकडी, बरीचशी सीनियर कॅडेटच चालवतात, त्यांच्यात कॅडेट कॅप्टन वगैरे नेमणुका असतात. कुणी आपल्यावर झालेलं सगळं व्याजासकट खाली उतरवतो. कुणी लोकप्रिय होण्यासाठी सगळं माफ करतो. हे दोन्ही मला नको असायचे. क्रॉसकंट्रीच्या आधी एक सीनियर माझ्याकडे आला आणि म्हणाला, सर, माझा अमुक ज्युनियर आज पळणार नाही, नडगी दुखतेय, तो सांगत नाहीये, मी सांगतोय. स्क्वाड्रनचे गुण जाणार होते आणि त्याचे मित्र त्याच्यावर वैतागणार होते. तपासणीत नडगीला बारीक चीर निघाली. त्या सीनियरच्या अहवालात काय लिहायचं हा विचार मला करावा लागला नाही.

नडगीचा विषय निघालाच आहे तर सांगतो, कारण आपल्या मुलांचा तो खास आहे. आपण वाळूवर अनवाणी पळतो. तिथे डांबर आणि बूट. एकदम भार वाढला की हाडाला चीर जाते, आणि दुखणं लपवलं तर टर्मच जाते, म्हणजे रेलिगेशन. कोर्स पुढे निघून जातो, तुम्ही मागच्या बॅचबरोबर. निघण्याआधी काही महिने बूट घालून कडक रस्त्यावर हळूहळू अंतर वाढवत पळा. पोहण्याचं उलट. विहिरीत आणि खाडीत शिकलेलं पोहणं दिसायला कसंही असलं तरी पाण्याची भीती गेलेली असते. दहा मीटरच्या फळीवरून उडी मारायची वेळ येते तेव्हा राजस्थानातला कोर्समेट तुमच्याकडेच बघतो. त्याला धीर द्या, तिथे मिरवू नका. ज्यांना नौदलाची चव आधीच घ्यायची आहे त्यांना रत्नागिरीला एनसीसीचं नेव्हल युनिट आहे. शिडाची होडी आणि वल्हं तिथे हाताला लागतात.

आईवडिलांशी दोन गोष्टी मोकळेपणी बोलून घ्या. प्रशिक्षणाचा खर्च सरकार करतं, पण पालकांकडून बंधपत्र घेतलं जातं. मधेच मनाने सोडून आलात तर खर्च वसूल होऊ शकतो. आणि दुखापत गंभीर झाली तर वैद्यकीय कारणाने बाहेर पडावं लागतं. अशा मुलांच्या हक्कांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलाय, इतका तो खरा आहे. हे ऐकून कुणी घाबरून मागे फिरला तर मला वाईट वाटत नाही. ५६,१०० रुपयांचं विद्यावेतन शेवटच्या अकादमीत सुरू होतं, पहिल्या दिवसापासून नाही, हेही घरी सांगा, कारण गावात कुणीतरी उलट सांगितलेलं असतं.

रंगांधळेपणाची तपासणी दहावीतच करून घ्या, ती नंतर सुधारत नाही. कान, दात, तळपाय हेही दाखवून ठेवा. आणि कागद. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक आडनाव, आधारवर गावाचं नाव लावलेलं दुसरं, वडिलांच्या नावाचं स्पेलिंग तिसरं, हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ. एसएसबीला पास होऊन आलेली मुलं मग तहसील कार्यालयाच्या आणि राजपत्रात नाव छापून घेण्याच्या फेऱ्या मारतात, त्याही ऐन गणपतीत, जेव्हा कुणी जागेवर नसतं. ते काम अकरावीच्या सुट्टीत करून टाका.