जुन्या ‘बॅटमॅन’मधल्या चुका शोधताय? आधी या चुका टाळा

महिन्यातून एकदा तरी मला कुणाची तरी यादी येते. ‘बॅटमॅनमधल्या पन्नास चुका सापडल्या, बघा!’ हा बॅटमॅन म्हणजे अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीवरची जुनी मालिका; अ‍ॅडम वेस्ट बॅटमॅन आणि बर्ट वॉर्ड त्याचा जोडीदार रॉबिन. १२ जानेवारी १९६६ ते १४ मार्च १९६८, एकूण १२० भाग. मी यादी उघडतो आणि पहिल्या दहातल्या आठ नोंदींवर काट मारतो. मालिकेत चुका नाहीत असं अजिबात नाही. सुरुवातीला बुधवारी एक आणि गुरुवारी एक असे आठवड्याला दोन भाग जायचे, त्या घाईत घोळ होणारच. पण यादीवाल्यांची घाई त्याहून मोठी. एकदा बघायचं, तेही जेवता जेवता, आणि लगेच निकाल द्यायचा.

दुसऱ्याला नावं ठेवण्याआधी माझीच फजिती सांगतो.

सुरुवातीला माझ्याकडे सगळे भाग नव्हते. काही डिस्कवर होते, काहींचे तुकडे नेटवरून बघायचो. वहीत नोंदी करायचो: भाग, मिनिट, घोळ. त्यात माझा लाडका शोध होता, ‘रॉबिन गाडीत जागा बदलतो’. एका ठिकाणी तो बॅटमॅनच्या उजव्या हाताला, दुसऱ्या ठिकाणी डाव्या. अशा नऊ नोंदी जमल्या. रविवारी मित्रांच्या बैठकीत मी त्या ऐटीत वाचून दाखवल्या आणि पुरावा म्हणून फोन फिरवला. माझा अकरा वर्षांचा भाचा शेजारी बसला होता. त्यानं फोन घेतला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं आणि म्हणाला, “मामा, याच्या छातीवरचा आर उलटा आहे.”

उलटाच होता. रॉबिनच्या डाव्या छातीवर काळ्या गोलात पिवळा ‘आर’ असतो. इथे तो उजवीकडे होता आणि आरशात दिसावा तसा. नेटवर चढवणारे लोक कॉपीराइटच्या आपोआप होणाऱ्या तपासणीतून निसटण्यासाठी चित्र डावं-उजवं फिरवतात. तसाच तो तुकडा. अमेरिकेतल्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे असतं, फिरवल्यावर ते उजवीकडे आलं. आणि आपण जन्मभर उजवीकडच्या स्टिअरिंगच्या गाड्यांत बसलेलो, त्यामुळे मला त्यात काही खटकलंच नाही! एखाद्या अमेरिकन पोराला पहिल्याच सेकंदाला कळलं असतं. नऊच्या नऊ नोंदी खोडल्या. चहा कुणी केला ते आठवत नाही, पण हसून हसून सगळ्यांचा तो गार झाला हे नक्की.

तेव्हापासूनची माझी सवय अशी: कुठलाही तुकडा हाती आला की आधी अक्षर शोधायचं. रॉबिनचा ‘आर’, गाडीची नंबरप्लेट, बॅटगुहेतल्या, म्हणजे बॅटमॅनच्या गुप्त अड्ड्यातल्या, यंत्रांवरच्या पाट्या. या मालिकेत प्रत्येक खटक्यावर नाव लिहिलेलं असतं, त्यामुळे अक्षरांचा दुष्काळ नाही. अक्षर सरळ वाचता आलं तरच वही उघडायची.

आता जोकरची मिशी. ही मला सगळ्यात जास्त वेळा येते, शिवाय पाठवणाऱ्याला वाटतं की हे जगात पहिल्यांदा त्यालाच दिसलं. जोकर हा खलनायक रंगवणाऱ्या सीझर रोमेरोच्या चेहऱ्यावरच्या पांढऱ्या रंगाखाली मिशी दिसते, मान्य. पण ही चूक नव्हे. आपल्याकडे पैजेवर ‘मिशी उतरवीन’ म्हणतात. रोमेरोनं तर जोकरसाठीही उतरवली नाही. देखण्या, रुबाबदार नायकाच्या भूमिकांत ती मिशी त्याची ओळख होती. त्यानं काढायला नकार दिला, निर्मात्यांनी ते चालवून घेतलं आणि रंगभूषेवाल्यांनी वरून पांढरं थापलं. प्रकाश बाजूने आला की वरच्या ओठावर केसांत अडकलेला रंग खडबडीत दिसतो, चुना मारलेल्या भिंतीतून विटांची रेघ दिसावी तसा. ठरवून केलेल्या तडजोडीला घोळ म्हणायचं असेल, तर सगळी मालिकाच घोळ म्हणावी लागेल.

आणि ती तुम्हाला इतकी स्वच्छ का दिसते? तुम्ही स्वच्छ प्रत बघताय म्हणून. २०१४ मध्ये ही मालिका नव्याने साफ करून ब्लू-रेवर आली. १९६६ च्या अमेरिकन दिवाणखान्यात फुगीर काचेचा ट्यूबचा टीव्ही होता. त्यावर चित्र धूसर दिसायचं, शिवाय चित्राच्या चारही कडा चौकटीआड जायच्या. कॅमेऱ्यावर काम करणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असायचं. म्हणून अगदी कडेला एखादी सावली वा दोरा दिसला, तर मी त्यापुढे ‘कडेला’ असं लिहून ठेवतो आणि मोजणीत धरत नाही. उलट रुंद पडद्यासाठी वरून-खालून कापलेली प्रत बघून ‘हातातली वस्तू गायब झाली’ म्हणणारेही भेटतात. ती वस्तू कात्रीत गेलेली असते. मूळ चित्र जवळपास चौकोनी, चारास तीन. तेच बघा.

खलनायकाच्या अड्ड्यात कॅमेरा तिरका का? मुद्दाम. वाकड्या माणसांसाठी वाकडा कॅमेरा. याला ‘स्टँड हलला होता’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

मारामारीत ठोसा बसला की येणारे ‘पॉव!’ वगैरे आवाजाचे शब्द आधी चित्रावरच उमटतात आणि पुढच्या सीझनमध्ये मध्येच रंगीत पाटी येते, हा संकलनातला झटका नव्हे. चित्रावर शब्द चढवणं खर्चिक होतं, पाटी स्वस्त पडली.

खलनायकांचे कलाकारही बदलले: कॅटवुमन आधी जूली न्यूमार, नंतर अर्था किट. मिस्टर फ्रीझ तर तीन जणांनी केला. कलाकार बदलणं म्हणजे कंटिन्युइटी (एका दृश्यातून दुसऱ्यात राखायचा मेळ) चुकणं नव्हे. पुढे.

भिंत चढण्याचे प्रसंग मात्र निवांत बघण्यासारखे. दोघं दोरी धरून इमारत चढतात, खिडकीतून एखादा नामवंत डोकं काढून दोन वाक्यं बोलतो. नवखे लिहितात, ‘केप (पाठीवरचा झगा) विचित्र लटकतेय’. अहो, ती लटकत नाहीच, ओढलेली असते! सेट जमिनीवर आडवा, कॅमेरा नव्वद अंशांत फिरवलेला, दोघं सपाट जमिनीवर कमरेत वाकून चालताहेत, आणि केप मागे राहावी म्हणून तिला दोरा बांधलाय. फोनचं आपोआप फिरणं बंद करा आणि फोन आडवा धरा. दोन मोठी माणसं दोरी धरून, पाठदुखी झाल्यासारखी अंगणातून चाललेली दिसतील. युक्ती उघडी पडणं आणि चूक होणं या वेगळ्या गोष्टी आहेत, पण दोरा डोळ्यांना दिसला तर मी अर्धा गुण देतो.

बॅटगुहेतून गाडी निघते ते दृश्य लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमधल्या ब्रॉन्सन गुहांजवळचं. एकदा चित्रित केलं आणि पुन:पुन्हा वापरलं, म्हणून सावलीही तीच. वेग खोटा: वाट अरुंद, गाडी जपून बाहेर काढलेली, फिल्म जास्त वेगाने चालवलेली. ही नोंद एकदाच करा, १२० वेळा नको.

मग खऱ्या चुका कुठे? डुप्लिकेटमध्ये, म्हणजे नटाच्या जागी मारामारी करणाऱ्या बदली माणसांत. बॅटमॅनचा मुखवटा निम्मा चेहरा झाकतो, त्यामुळे अ‍ॅडम वेस्टच्या जागी ह्यूबी कर्न्स सहज खपून जायचा. रॉबिनला मात्र डोळ्यांपुरती पट्टी. बर्ट वॉर्डनं पुढे सांगितलं की चेहरा उघडा असल्यामुळे कित्येक धोक्याची कामं त्यालाच करावी लागली, आणि पहिल्याच दिवशी तो जखमी झाला. तरी मारामारीत त्याच्या जागी व्हिक्टर पॉल दिसतोच. माझी पद्धत साधी आहे. आवाज बंद करायचा, बॅटमॅनकडे बघायचंच नाही, फक्त रॉबिनच्या हनुवटीवर नजर. तो कॅमेऱ्याकडे पाठ करतो, टेबलावरून उडी मारतो, वळतो... तिथे थांबवायचं.

भाच्याला हे दाखवलं तेव्हा तो चित्राकडे बघत राहिला. म्हणाला, “मामा, हे तर रॉबिनचे बाबा आले मारायला.”