विक्रमी गाड्यांची मॉडेल्स: या चुका टाळा

कुणी नवं मॉडेल दाखवायला आणलं की मी आधी विचारतो, ही गाडी कुठल्या तारखेची? उत्तर येतं, "ब्लूबर्ड आहे." हे गाडीचं नाव झालं, तारीख नाही.

वेगाच्या विक्रमासाठी बांधलेली गाडी सतत बदलत असते. ब्रिटिश विक्रमवीर डोनाल्ड कॅम्पबेलची ब्लूबर्ड सीएन७ ही गाडी १९६० मध्ये अमेरिकेत बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर उलटली, तेव्हा तिच्या शेपटीवर उभा पंख नव्हता. तो नंतरच्या बांधणीत आला. ऑस्ट्रेलियात लेक एअर या कोरड्या खाऱ्या सरोवरावर १७ जुलै १९६४ला ताशी ६४८.७ किलोमीटरचा विक्रम झाला तो पंखासकट. माझी पहिली सीएन७ मी १:२४ मापात लाकडात कोरली, १९६०चे फोटो समोर ठेवून, आणि पाटीवर १९६४ची तारीख घातली. एका जुन्याजाणत्या कारागिराने पाटी वाचली, शेपटीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "पंख कुठाय रे?" त्याच रात्री मी पंख फेव्हिक्विकने चिकटवला. महिन्याभरात सांध्याला तडा गेला. शेवटी सगळा रंग खरवडला, पाठीत खाच पाडली आणि पंखाला खालून जीभ ठेवून तो बसवला. तेव्हापासून लाकडाच्या ठोकळ्यावर आधी पेन्सिलीने तारीख लिहितो आणि त्या तारखेचे नसलेले फोटो समोरून काढून टाकतो.

ब्रिटिश चालक जॉर्ज आयस्टनच्या थंडरबोल्ट या विक्रमी गाडीवरचा काळा बाण १९३८चा. पांढऱ्या मिठावर चकाकतं अॅल्युमिनियम वेळ मोजणाऱ्या फोटोसेलला (प्रकाश टिपणाऱ्या यंत्राला) दिसेना, म्हणून तो रंगवला. १९३७च्या गाडीवर काढू नका.

दुसरी चूक घाईची. लांबी (पुट्टी) भरली, वरून कोरडी लागली की लगेच पॉलिशपेपर. आतली ओल नंतर आकसते आणि रंगाखाली खळगा पडतो. बोटाने बघू नका, नाकाने बघा: वास येतोय तोवर हात लावायचा नाही. जाड थर एकदम भरणाऱ्यांना मी मदत करणं सोडलंय. पावसाळ्यात लॅकर मारला तर रंग पांढरट धुरकट होतो, म्हणून जून ते सप्टेंबर मी चाकं आणि कॉकपिटच करतो.

कॉकपिटच्या पारदर्शक झाकणाला फेव्हिक्विक नको, वाफेने ते धुरकटतं. पांढरा फेव्हिकॉल वापरा. सीएन७च्या टायरवर नक्षी कोरू नका, ते गुळगुळीत होते. आणि दोन्ही बाजू नजरेने जुळवू नका. पुठ्ठ्याचा अर्धा साचा कापा, एका बाजूला लावा, मग तोच उलटून दुसऱ्या बाजूला.