दुसऱ्या सेलवरून रंग भरताय? या चुका टाळा

सोसायटीच्या मेंटेनन्सच्या शीटमध्ये थकबाकीवाल्यांची ओळ आपोआप लाल व्हावी म्हणून मी कंडिशनल फॉरमॅटिंग (अट जुळली की सेलला आपोआप रंग देणारा नियम) लावलं, स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला आणि दहाव्या मिनिटाला १०३ चे काका पावती घेऊन दारात! पैसे थकले होते १०४ चे, लाल झाली होती १०३ ची ओळ.

फॉर्म्युला होता =$डी२="थकीत" (शीटमध्ये अक्षर-आकडा अर्थात इंग्रजीच टाकायचा). पण रेंज (ज्या सेलना नियम लावायचा तो पट्टा) निवडली होती हेडिंगसकट, ए१ पासून. फॉर्म्युला आपण रेंजच्या पहिल्या ओळीपुरता लिहितो, पुढे तो शीटच खाली सरकवत नेते. पहिलीच ओळ दुसरीच्या ताटात डोकावली की खालच्या सगळ्या तेच करतात. रेंज ए२ पासून घेतली आणि मिटलं. एक्सेलमध्ये रेंज खालून वर ओढून निवडली तरी असाच घोळ होतो, कारण तिथे फॉर्म्युला ॲक्टिव्ह सेलला, म्हणजे निवड जिथून सुरू केली त्या सेलला, धरून चालतो.

डॉलरचं तेवढं नीट समजून घ्या. $डी२ म्हणजे कॉलम पक्का, ओळ मोकळी. पूर्ण ओळ रंगवायला हेच हवं. डॉलर विसरलात तर ए बघतो डी कडे, बी बघतो ई कडे, आणि रंगतो फक्त पहिला सेल. एक्सेलमध्ये सेलवर क्लिक केलं की $डी$२ येतं. मग एका सेलच्या मर्जीवर सगळी रेंज लाल, नाहीतर सगळी कोरी. एफ४ दाबत राहा, हवा तो प्रकार येतो. नियमाचा फॉर्म्युला लिहायच्या खिडकीत बाणाची बटणं वापरण्याआधी मात्र एफ२ दाबा, नाहीतर मधेच भलत्याच सेलचा पत्ता घुसतो. या एका गोष्टीने माझं डोकं सर्वांत जास्त फिरवलंय.

नियम बरोबर असूनही रंग येत नाही? मग डेटा बघा. आमच्याकडे कुणी 'थकीत' लिहिलं होतं, कुणी 'थकित', कुणी शेवटी स्पेस दिलेली. ड्रॉपडाऊन लावून टाका. चॅटमधून चिकटवलेल्या फॉर्म्युल्यात कधी कधी वाकडी अवतरणचिन्हं येतात, ती चालत नाहीत.

तारखेचं उलटं, तिथे नको तिथे रंग येतो. समजा, ई कॉलममध्ये तारखा आहेत आणि उलटून गेलेल्या तारखेची ओळ लाल हवी आहे (टुडे() म्हणजे आजची तारीख). =$ई२<टुडे() लावलं की तारीख न भरलेल्या ओळीही लाल होतात, कारण रिकामा सेल शून्य धरला जातो. तिथे =अँड($ई२<>"",$ई२<टुडे()) लिहा. आणि टेक्स्ट म्हणून बसलेला ५०० हा १००० पेक्षा मोठा ठरतो, कारण तुलनेत टेक्स्ट कुठल्याही आकड्याच्या वरच असतं.

गूगल शीट्समध्ये दुसऱ्या टॅबवरचा सेल नियमात थेट देता येत नाही, इनडायरेक्ट या फंक्शनमध्ये गुंडाळून द्या.