काळ्या मातीवरचं अंगण: हुरड्याच्या बैठकीसाठी फरशी-ब्लॉक कसे बसवावेत

फरशी कोणती घेऊ, असं विचारणारे फोन मला रोज येतात. खाली माती कसली आहे, हे मात्र कुणी आपणहून सांगत नाही. मी औशाकडचा गवंडी. लातूर, निलंगा, उदगीर या पट्ट्यात अंगणं, ओटे, कट्टे बांधतो. मी आधी एवढंच सांगतो: मे महिन्यात अंगणातल्या भेगेत काठी घालून बघा. वीतभर आत गेली तर पैसा आधी जमिनीत घाला, दगडाचं नंतर बघू.

आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून फाटते. तिच्यावर नुसता काँक्रीटचा थर ओतून वर फरशी चिकटवली, तर दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात मधोमध उंचवटा येतो, कडा खाली बसतात आणि फरशी तिरकी फुटते. माती सगळी काढून टाकणं शक्य नाही, कारण कित्येक ठिकाणी ती पुरुषभर खोल असते. म्हणून वरची दीड फूट काढायची आणि तिच्या जागी न फुगणारा मुरूम भरायचा. अंबाजोगाईसारख्या मुरमाड जागेत हा सगळा खटाटोप लागत नाही. तिथे एक वीत खोदलं तरी पुरतं.

आता माप. हुरड्याला किंवा येळवशीनंतरच्या (वेळा अमावस्येनंतरच्या) जेवणाला दहा-बारा माणसं खाली बसणार असतील तर १२ बाय १५ फूट जागा भरपूर झाली. आख्खं अंगण झाकू नका. लिंबाचं झाड असेल तर बुंध्याभोवती तीन-तीन फूट माती उघडी ठेवा, नाहीतर मुळं ब्लॉक उचलतात. ड्रेनेजचं चेंबर आणि बोअरची केसिंग फरशीखाली गाडू नका. हे सांगावं लागू नये, पण मी लोकांच्या अंगणात छिन्नीने चेंबर शोधत फिरलोय. दिवा लावायचा असेल तर वायरचा पाइप आताच टाकून घ्या.

आखणी दोरीने करा. कोपरा गुण्यात (काटकोनात) आहे का हे बघायला एका बाजूवर ६ फूट आणि दुसऱ्या बाजूवर ८ फूट खूण करा. तिरकं अंतर बरोबर १० फूट आलं पाहिजे. शेवटी दोन्ही कर्ण मोजा, सारखे असले की झालं.

उतार घराकडून बाहेर, चार फुटांना एक इंच. म्हणजे १२ फुटांच्या बाजूला ३ इंच. नळीत पाणी भरून ही पातळी कुणालाही काढता येते, त्याला लेझरचं यंत्र लागत नाही. फरशीचा वरचा तळ जोत्यापेक्षा निदान सहा इंच खाली राहू द्या. जोत्याजवळ पाणी मुरलं की तीच काळी माती घराच्या भिंतीला तडे देते. फरशीचं पाणी रस्त्यावर सोडू नका. एवढ्या जागेवर एक इंच पाऊस पडला तरी चारशे लिटरच्या वर पाणी होतं. खालच्या कडेला गिट्टी भरलेला शोषखड्डा काढा. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. आमच्या गावात तरी पाणी वाया घालवण्याबद्दल वेगळं सांगायची गरज नाही. फक्त खड्डा घराच्या पायापासून दहा फूट तरी लांब ठेवा.

खोदाई झाली की तळ कोरडाठाक असताना भर टाकायची नाही. आकसलेल्या मातीवर भर टाकली की ती पहिल्या पावसात फुगून सगळं वर ढकलते. दोन दिवस हलकं पाणी शिंपडा, माती दमट होऊ द्या, चिखल नको. म्हणूनच हे काम भर उन्हाळ्यापेक्षा दिवाळीनंतर बरं, जमिनीत पावसाची ओल असते. अडचण एवढीच, की त्याच वेळेला ऊसतोडीला माणसं निघून जातात आणि बिगारी मिळत नाही. दसऱ्यालाच मिस्त्रीशी बोलून ठेवा.

मुरूम एका वेळी टाकून वरून धुम्मस (भर ठोकायचं जड अवजार) मारणं म्हणजे स्वतःची फसवणूक. चार-साडेचार इंचांचा थर, पाणी, धुम्मस. मग दुसरा थर. असा दाबून नऊ इंच झाला पाहिजे. त्याच्यावर चार इंच गिट्टी, वर दीड इंच क्रशरची कच, म्हणजे दगडाची बारीक चुरी. १२ बाय १५ ला सुटा माल सांगायचा तर मुरूम पावणेदोन ब्रास, गिट्टी पाऊण ब्रास आणि कच साधारण ०.३ ब्रास. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. ट्रॅक्टरवाल्याच्या ट्रॉलीत नेमकं किती बसतं ते टेप लावून बघा, तोंडी हिशेबावर जाऊ नका. निघालेली काळी माती फेकू नका, कुणीतरी कुंड्यांना घेऊन जाईल.

आता वरचं. पेव्हर ब्लॉक घेणार असाल तर नुसत्या चालण्या-बसण्याला ६० मिलिमीटर जाडी पुष्कळ. ८० चे ब्लॉक गाड्यांसाठी. दोन ब्लॉक एकमेकांवर आपटा, आवाज खणखणीत आला पाहिजे. एक फोडून बघा: आत पोकळ्या नकोत, आणि वरचा रंगाचा थर सुटता कामा नये. कधी ओतले ते विचारा. ओतून अठ्ठावीस दिवस नीट पाणी मारलेला माल हवा. ब्लॉक कचीवर सुटे बसतात, ही आपल्या मातीत त्यांची मोठी सोय. पुढेमागे जमीन हललीच तर तेवढे उचलायचे, कच सारखी करायची, परत बसवायचे. काँक्रीटला हे जमत नाही. पण चारही बाजूंनी किनार पक्की पाहिजे. १:४ च्या मसाल्यात (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) दगड किंवा कर्ब अर्धा जमिनीत गाडा, नाहीतर कडेचे ब्लॉक सरकत जातात आणि मधल्या सांधी उघडतात. शेवटी सांधींत बारीक कोरडी वाळू झाडूने भरा, वरून कॉम्पॅक्टर फिरवा, परत वाळू.

माझी स्वतःची आवड शहाबादी. कलबुर्गीकडचं शहाबाद आपल्याला लांब नाही, आणि तेलंगणातली तांदुरी फरशीही इकडे सहज मिळते. दीड इंच जाडीची, वरून खडबडीत, पॉलिश न केलेली घ्या. दोन बाय दोनची एक फरशी पस्तीस किलोच्या पुढे जाते, तेव्हा उचलायला दोघं लागतात. कड नीट बघा. कडेला पापुद्रे दिसत असतील तर ती फरशी पावसात सालपटं सोडणार. बोटाच्या पेराने वाजवा. बद्द आवाज आला की आत तडा. जाड फरशी मी कचीवरच बसवतो आणि पाव इंचाच्या दरजा वाळूने भरतो. पातळ फरशीला १:६ चा मसाला लागतो, आणि मग दर दहा फुटांवर एक दरज वाळूची मोकळी सोडावी लागते, फुगायला जागा म्हणून. काळा कडप्पा अंगणात नको. एप्रिलात बेचाळीस अंश तापमान असताना त्याच्यावर पाय ठेवून बघा, मग मला फोन करा. सावलीतल्या वाढायच्या ओट्याला तो शोभतो.

आगटीची, म्हणजे हुरडा भाजायच्या विस्तवाची, जागा फरशी बसवायच्या आधीच ठरवा, आणि ठरवण्याआधी संध्याकाळी तिथे थोडा पाला जाळून धूर कुठे जातो ते बघा. हिवाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक वेळा पूर्वेच्या अंगाने येतो, पण घरं-भिंती त्याला वळवतात. अडीच बाय अडीच फुटांचा चौकोन उघडा सोडा, तळाला मुरूम-माती, कडेला भाजक्या विटा उभ्या लावा. विटांपासून दीड-दोन फूट शहाबादी किंवा ब्लॉक आणू नका, मध्ये मातीच ठेवा. दगडात आणि काँक्रीटमध्ये मुरलेलं पाणी तापून वाफ होते आणि टवके उडतात. लहान पोरं आगटीला खेटून बसतात, म्हणून इथे मी कुणाचं ऐकत नाही. नदीतले गोटे तर अजिबात लावू नका. पावसाळ्यात चौकोनात कुंडी ठेवा.

बसायचा कट्टा सोळा-सतरा इंच उंच, दीड फूट रुंद. पडक्या वाड्यातले घडीव काळे दगड मिळाले तर सोनं, पण ते सिमेंटमध्येच लावा आणि थोड्या थोड्या अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारा जोडदगड ठेवा. काही जण बैठकीला आडोसा म्हणून पाठीमागे पुरुषभर दगड-मातीची भिंत मागतात. मी बांधत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत पहाटे काय झालं ते आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. आडोसा हवा तर बांबू लावा, जाई चढवा.

शहाबादी हा चुनखडीचा दगड, आंबट त्याला सोसत नाही. आंबील, चिंचेचं पाणी, लिंबू सांडलं की लगेच पाण्याने धुवा, नाहीतर तिथली चमक जाते. सिमेंटचे डाग काढायला कुणी ॲसिड आणलं तर त्याला थांबवा. ओल्या पोत्याने त्याच दिवशी पुसलं असतं तर ती वेळच आली नसती. मटणाच्या रश्श्याचं तेल सांडलं तर वर आगटीतली गार राख टाका, रात्रभर राहू द्या, सकाळी झाडा. पहिल्या पावसानंतर दरजांतली वाळू खाली बसते, ती परत भरा. आणि त्याच लॉटमधले दहा-वीस ब्लॉक किंवा चार फरशा परसात बाजूला ठेवा, कारण पुढच्या वर्षी तोच रंग मिळत नाही.