उबरमध्ये मोठे फंड घेतायत की विकतायत, हे बघायचं कसं

सावद्याला केळी ग्रुपवर मी हिशेब लिहितो. पुण्याच्या भाच्याच्या नादाने उबरचे अकरा शेअर घेतले. उबर आपल्या बाजारात नाही, न्यूयॉर्कला आहे. मे 2019 मध्ये तिचा शेअर 45 डॉलरला बाजारात आला होता. अकरा शेअरवाल्याने फंडांच्या मागे कशाला लागायचं, असं बायको म्हणते. तिचं चूक नाही. पण एकदा बातमीवर विसंबून फसलो, तेव्हापासून कागद स्वतः बघतो.

"अमुक फंडाने उबरमधला हिस्सा वाढवला" ही बातमी बहुतेक वेळा तेरा-एफ (13F) नावाच्या फॉर्मवरून निघते. ज्या संस्थेच्या हाताखाली तिथले किमान 10 कोटी डॉलरचे शेअर आहेत, तिला दर तिमाहीला तो एसईसीकडे, म्हणजे तिथल्या सेबीकडे, भरावा लागतो. एडगर या सरकारी साइटवर फुकट दिसतो. तिथे उबर शोधू नका, कंपनीचे स्वतःचे कागद निघतील. फंडाचं नाव टाका, तेरा-एफ उघडा आणि थेट 'इन्फर्मेशन टेबल'वर, म्हणजे शेअरच्या यादीवर, जा.

आधी तारीख बघा. भरायला तिमाही संपल्यापासून 45 दिवसांची मुदत असते, आणि बहुतेक जण शेवटच्या दिवसांतच भरतात. महिनाभरापूर्वीच्या बुऱ्हाणपूरच्या केळीच्या भावावर आज कोणी कापणी धरतं का? अमेरिकेतले बडे फंडवाले बिल ॲकमन यांचंच बघा. 7 फेब्रुवारी 2025 ला त्यांनी स्वतःच सांगितलं की उबरचे 3 कोटी 3 लाख शेअर घेतलेत, खरेदी जानेवारीपासून चालू होती. पण फेब्रुवारीत भरायचा फॉर्म 31 डिसेंबरचा. त्यात ती खरेदी येणारच नव्हती.

आता टेबल. एकाच फंडाच्या उबरच्या दोन-चार ओळी असू शकतात, 'पुट' किंवा 'कॉल' लिहिलेल्या ओळी सोडून (त्यांचं पुढे सांगतो) बाकीच्यांची बेरीज करा. मग मागच्या तिमाहीचा फॉर्म शेजारी उघडा आणि शेअरची संख्या संख्येशी ताडा, डॉलरचा आकडा नको. समजा, 8,40,000 चे 8,61,000 झाले, तर वाढ अडीच टक्के. तेवढ्यात भाव पडला असेल तर किमतीचा रकाना घट दाखवेल आणि तुम्ही म्हणाल, विकले. जुने फॉर्म काढणार असाल तर आणखी एक गोम आहे: 2023 च्या आधी किंमत हजार डॉलरमध्ये लिहायचे, आता पूर्ण डॉलरमध्ये. मी एकदा फंड हजारपट फुगवून बसलो होतो.

आणि 'पुट/कॉल'चा रकाना! माझी ठेच इथलीच. बातमीत मोठा आकडा वाचून मी चार शेअर वाढवले. नंतर टेबल उघडलं तर त्या ओळीत 'पुट' लिहिलेलं. म्हणजे भाव पडला तर कामी येणारा करार, खरेदी नव्हेच. कॉल म्हणजे उलट, भाव चढला तर कामी येणारा. भाचा फोनवर हसत होता, "काय रे मामा, भो, रकाना नाही पाहिला?" शॉर्ट केलेले, म्हणजे भाव पडेल या अंदाजाने उसने घेऊन विकलेले, शेअर तर या फॉर्ममध्ये दिसतच नाहीत, त्यामुळे फंडाचं पूर्ण मन इथे कळत नाही.

टक्क्यांना भुलू नका. हजाराचे चार हजार शेअर केले तरी "300 टक्के वाढ" असाच मथळा येतो.

व्हॅनगार्ड, ब्लॅकरॉक या निर्देशांक फंडांच्या बड्या कंपन्या दिसल्या की मी पान उलटतो. 18 डिसेंबर 2023 ला उबर एस अँड पी 500 मध्ये, म्हणजे तिथल्या पाचशे बड्या कंपन्यांच्या निर्देशांकात, गेली. त्या निर्देशांकावर चालणाऱ्या फंडांना ती घ्यावीच लागते, आवडो न आवडो. ज्याच्या यादीत दहा-बाराच कंपन्या आहेत आणि त्यात उबर वरच्या ओळीत आहे, त्याचं वाढवणं-कमी करणं मी वहीत टिपतो.

ताजी खबर हवी असेल तर फॉर्म 4 बघा. कंपनीच्या बड्या अधिकाऱ्यांनी शेअर घेतले-विकले की दोन कामाच्या दिवसांत तो भरावा लागतो. पण विक्री दिसली म्हणून लगेच घाबरू नका. 10बी5-1 च्या चौकटीत खूण असेल तर ती विक्री आधीच ठरवून ठेवलेली असते.