दिनविशेषाचा फळा: तारीख लिहिण्याआधी वार तपासा

शाळेच्या किंवा वाचनालयाच्या फळ्यावर दिनविशेष लिहायचा तर आधी 366 पानांची वही घाला, एका तारखेला एक पान. प्रत्येक नोंदीत साल, घटना, ठिकाण, तिथी, वार आणि ती कुठून घेतली ते लिहा. वाराचा कंटाळा करू नका. चूक बहुतेक वेळा तिथेच सापडते.

12 जानेवारी घ्या. जिजाऊंचा जन्म 1598 चा, विवेकानंदांचा 1863 चा. फळ्यावर दोघं शेजारी शोभतात, पण पहिली तारीख ज्युलियन, म्हणजे जुन्या युरोपीय कालगणनेची आहे आणि दुसरी ग्रेगोरियन, म्हणजे आजच्या कॅलेंडरची. इंग्लंडने जुनी कालगणना 1752 मध्ये सोडली, तेव्हा 2 सप्टेंबरनंतर थेट 14 सप्टेंबर उजाडला. शिवकाळाच्या रूढ तारखा त्याआधीच्या पद्धतीने मांडलेल्या आहेत. त्या काळात दोन्हींतला फरक 10 दिवसांचा, म्हणून 1598 ची ती पौष पौर्णिमा आजच्या हिशोबाने 22 जानेवारीला येते. जयंती 12 लाच असते, तेव्हा फळ्यावर 12 च ठेवा, शेरा वहीत.

वार असा ताडून पाहा. शिवजन्माची नोंद शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. ग्रेगोरियन कॅलेंडर दर 400 वर्षांनी वारासकट तेच येतं, म्हणून 1630 साठी 2030 चं उघडा: 19 फेब्रुवारीला मंगळवार दिसेल. दहा दिवस पुढे जा, 1 मार्चला शुक्रवार. म्हणजे 19 फेब्रुवारी 1630 ही ज्युलियन तारीख.

पानिपतची लढाई 14 जानेवारी 1761 ची, बुधवार. ही तारीख ग्रेगोरियन, तिला हात लावू नका. मात्र पुढे ‘संक्रांतीच्या दिवशी’ असं जोडायचा मोह हमखास होतो. संक्रांत साधारण 70 वर्षांत एक दिवस पुढे सरकते. विवेकानंदांच्या जन्मदिवशी, 12 जानेवारीलाच, संक्रांत होती. त्याच्या शंभर वर्षं आधी ती 14 ला कशी असेल?

परदेशातल्या घटनांना घड्याळही पाहावं लागतं. माणूस चंद्रावर उतरल्याची अमेरिकी तारीख 20 जुलै 1969. आर्मस्ट्राँगने पाऊल ठेवलं तेव्हा भारतात 21 जुलैची सकाळ होती, 8 वाजून 26 मिनिटं. रूढ तारीख 20 च लिहा आणि कंसात ‘भारतीय वेळेनुसार 21’. एका दिवसाला चार ओळी पुरेत. पाचवी कुणी वाचत नाही.