उलटीची भीती आणि कुंभार्ली घाट

लोकांना घाटात उलटी होते, मला ती होईल याचीच धास्ती. खरं तर शेवटची उलटी सातवीत झाली होती. तरी पुढची वीस वर्षं एसटीत खिडकी सोडली नाही. पर्समध्ये पिशवी, लिंबू, आवळासुपारी, गोळी. दूध तीनतीनदा हुंगायचे. भाचीला उलटी झाली तेव्हा तिला धरायचं सोडून मी गच्चीवर पळाले. ते अजून सलतं.

आई म्हणायची, "मनाचे खेळ गं." खेळ नव्हते. उलटीच्या अशा भीतीला इमेटोफोबिया म्हणतात. भीतीनेच पोटात ढवळतं, ढवळलं की भीती वाढते, हे मला पहिल्यांदा समुपदेशक ताईंनी समजावलं. (कुणाशी बोलावं कळत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलतात.)

उपचार सीबीटीचा, म्हणजे विचार आणि वागणं हळूहळू बदलायची पद्धत. आधी वहीत 'उलटी' हा शब्द लिहायचा. दोन ओळींतच तळवे घामेजले. मग चित्रं, मग आवाज. एकदा ताकात कालवलेला भात बादलीत ओतून तिथेच उभी राहिले, धडधड आपोआप उतरेपर्यंत. सगळ्यात जड गेलं ते गोळी आणि पिशवी घरी ठेवणं. पण खरा फरक त्यानेच पडला, कारण तो आधारच भीतीला जगवत होता.

मार्चमध्ये चिपळूणहून कऱ्हाडला निघाले. कुंभार्ली घाटात पुढच्या सीटवरचा मुलगा ओकला. माझे हात गार पडले, पण जागा बदलली नाही. त्याच्या आईला पाण्याची बाटली दिली.